चौदा नंबरचे टेबल

बाहरीनमधल्या गुदैबियातले ते हॉटेल गेल्या गुरुवारी दुपारी बारा वाजता बंद झाले. शेवटचा पाहुणा साडेअकराला चावी देऊन गेला. रविवारी सकाळी डायनिंग हॉलमधले सामान विकायला काढले. त्याच दिवशी बशीरभाईंचा फोन आला.

"बेटी, सब जा रहा है. पप्पा का कुछ चाहिए तो आज आ जा. कल खलास."

बशीरभाई केरळचे. या हॉलमधले सर्वांत जुने वेटर. माझे वडील त्यांच्याबरोबर इथे एकोणतीस वर्षे होते. आधी वेटर, मग कॅप्टन. हॉटेलातला कॅप्टन म्हणजे वेटरांचा मुकादम. तोही उभाच असतो, फक्त इतरांच्या दोन पावले पुढे. पप्पा गेल्या वर्षी वसईला वारले. फोन आला त्या रविवारी माझी सुट्टी होती. वर्तमानपत्राच्या डेस्कवर दुसऱ्यांच्या बातम्या तपासण्याचे काम मी करते. सुट्टीच्या दिवशी कुठेही जायचे म्हटले की अंगावर येते. तरी गेले.

हॉलमधले एसी बंद होते. पडदे काढलेले. खुर्च्या चार-चारच्या थप्प्यांनी भिंतीला लावलेल्या. कार्पेटला जुन्या तेलाचा, वेलचीचा आणि ओल्या कापडाचा वास येत होता. हाच वास पप्पांच्या काळ्या पॅंटला यायचा. आई ती पॅंट वेगळी धुवायची आणि बाल्कनीत वेगळी वाळत घालायची. तरी वास जायचा नाही.

"एक खुर्ची नेते," मी म्हणाले. खिडकीजवळच्या चौदा नंबरच्या टेबलाची. ते टेबल पप्पांकडे असे. त्या खुर्चीची पाठ त्यांनी हजारो वेळा धरली, मागे ओढली, पाहुणा बसला की गुडघ्याने हलकेच पुढे सरकवली. बसले मात्र कधी नाहीत. हॉटेलचा नियम होता: पाहुण्याच्या खुर्चीवर स्टाफने बसायचे नाही. हॉल रिकामा असला तरी नाही.

खुर्ची उचलून पाहिली. वाटली त्यापेक्षा जड होती.

*

पप्पांची ड्युटी ब्रेकची होती. सकाळी अकरा ते तीन, संध्याकाळी सहा ते बंद होईपर्यंत. मधले तीन तास ते घरी येत. घर त्याच गल्लीत, चालत सहा मिनिटांवर. दुपारची ती वेळ मला आवाजांनी आठवते. जिन्यात बुटांचा आवाज, कुलपात किल्ली, मग स्वयंपाकघरात ताटलीवर चमचा. ते ओट्याशी उभे राहून जेवत. आई म्हणायची, "बसा ओ जरा. खुर्ची काय चावते?" ते म्हणत, "झालंच माझं." आणि खरोखर झालेले असे. सात-आठ मिनिटांत जेवण, ताट विसळलेले, ओटा पुसलेला.

नाताळच्या दिवशी हॉटेलात सर्वांत जास्त गर्दी. म्हणून आमचा नाताळ सव्वीस डिसेंबरला दुपारी व्हायचा. आई आमच्या वसईकडच्या बाटलीच्या मसाल्यातले मटण करी, आंबवलेल्या मैद्याचे गोल फुगे तळी. माझा भाऊ ऑल्विन आणि मी टेबलाशी बसत असू. पप्पा वाढत. चार खुर्च्यांतली चौथी त्यांच्या शर्टासाठी होती. इस्त्री केलेला पांढरा शर्ट तिच्या पाठीवर टांगलेला असायचा. लहानपणी मला वाटे, सगळ्यांच्या घरी एक खुर्ची शर्टाची असते.

*

सात वर्षांपूर्वी, जूनमध्ये, आम्ही पाच जण नॉर्वेच्या किनाऱ्यावरून दहा दिवसांच्या जहाजाच्या सहलीला गेलो. पप्पा, आई, ऑल्विन, त्याची आठ वर्षांची मुलगी झोई आणि मी. वहिनीची सलमानिया हॉस्पिटलात ड्युटी होती, ती आली नाही. पप्पा त्या डिसेंबरात निवृत्त होणार होते. सहल ठरवली ऑल्विनने आणि मी. दुसऱ्या कुठल्याही सहलीत पप्पांनी बॅगा उचलल्या असत्या, टॅक्सीवाल्याशी बोलले असते, जेवणाची पाकिटे वाटली असती. जहाजावर करायला काही नसते. तिथे माणसाला बसावेच लागते. एवढा एकच हेतू होता: पप्पांनी दहा दिवस बसून जेवावे आणि कुणीतरी त्यांना वाढावे.

बाहरीनमध्ये थंडीचे कपडे कुणाकडे नसतात. आमच्या इमारतीत मात्र एक कोट होता. काळा, गुडघ्यापर्यंतचा, आतून अस्तर लावलेला. तो मूळचा तिसऱ्या मजल्यावरच्या तेलुगू कुटुंबाचा; पण जो कुणी थंडीकडे जाई तो तो मागून नेई. कोट तिबिलिसीला दोनदा जाऊन आला होता, बाकूला एकदा, एका मुलीच्या लग्नासाठी कॅनडाला. खिशात कुणाची तरी बसची तिकिटे, कुणाचे चॉकलेटचे चांदीचे कागद. परत करताना खिसे रिकामे करायचे नाहीत असा इमारतीचा अलिखित रिवाज होता. डांबराच्या गोळ्यांचा वास असा की कोट घरात आला त्या संध्याकाळी आईने मासे तळले, म्हणाली, "हा वास तरी जाईल." नंतर कोटाला दोन्ही वास येऊ लागले.

पप्पांनी तो कोट घातला आणि आरशात पाहिले. "डोअरमन दिसतो," म्हणाले.

*

हॅम्बुर्गहून जहाज निघाले तेव्हा पाऊस नव्हता, ऊनही नव्हते. तिसऱ्या दिवशी पहिली खाडी आली. दोन्ही बाजूंना सरळ उभे डोंगर, माथ्यावर जून असून बर्फ, आणि कड्यांवरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा. जहाज इतके हळू चालले होते की ते चालले आहे हे फक्त रेघा मागे जात होत्या म्हणून कळे. काठावर लाल रंगाची लाकडी घरे, एकेकटी, जणू कुणी मोजून लांब लांब ठेवलेली. हवेला वास नव्हता. मला आधी वाटले नाक गारठले आहे. मग लक्षात आले की तिला खरोखरच वास नाही. ना धूळ, ना डिझेल, ना तळण. आपण आयुष्यभर कुठल्यातरी वासात राहिलो हे तिथे समजले.

रात्री अंधार पडायचा नाही. आईला त्याचा त्रास होई. संध्याकाळची प्रार्थना केव्हा करायची ते तिला कळेना. ती केबिनचा पडदा ओढून स्वतःपुरता अंधार करी, माळ जपे आणि पुन्हा पडदा उघडी.

त्या खाडीत सगळे डेकवर आले होते. ध्वनिक्षेपकावरून बाई धबधब्यांची नावे सांगत होती. झोई मला इंग्रजीत प्रत्येकाची उंची विचारत होती. पप्पा इमारतीच्या कोटात कठड्याला पाठ टेकून उभे होते, म्हणजे धबधब्यांकडे पाठ. ते एका वेटरकडे पाहत होते. वारा सुटला होता आणि तो माणूस सुपाच्या कपांचा ट्रे एका हातावर घेऊन लोकांतून चालला होता.

"वाऱ्याच्या बाजूला खांदा दिलाय बघ," पप्पा म्हणाले. "शिकलेला आहे."

"पप्पा, तो धबधबा बघा ना."

"बघितला की."

*

पप्पांनी बसून राहायचे हा आमचा नियम मोडायला सुरुवात पहिल्या न्याहारीपासून झाली होती. पप्पा आमच्या टेबलावरच्या रिकाम्या प्लेटा एकात एक ठेवत, काटे-चमचे वरच्या प्लेटवर एका दिशेला. पाव संपला की नॅपकिनच्या घडीने चुरा गोळा करत. ग्लास नेहमी बुडाला धरत. केबिन साफ करणारा येण्याआधी पलंग लावून ठेवत, कोपरे हॉस्पिटलसारखे. आई चिडवायची. "जहाजाला एक कॅप्टन आहे. दुसरा नको. बसा तुम्ही." ते बसत. एका मांडीवर, खुर्चीच्या कडेला.

पाचव्या दिवशी सकाळी ते बुफेवरून आमच्या टेबलाकडे येत होते. अंगात पांढरा शर्ट आणि काळी पॅंट. चांगले कपडे म्हणून त्यांच्याकडे तेवढेच होते. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या बाईने कप पुढे केला.

"एक्स्क्यूज मी. मोअर कॉफी, प्लीज."

पप्पांनी हातातली प्लेट आमच्या टेबलावर ठेवली. मागे गेले. कॉफीचे भांडे आणले. उजव्या बाजूने ओतली, एक थेंब न सांडता. दूध हवे का विचारले. मग भांडे जागेवर ठेवून आले आणि आमच्याबरोबर बसले.

झोई म्हणाली, "इज ग्रँडपा वर्किंग हिअर?"

बाईने ते ऐकले. तिचा चेहरा लाल झाला. ती उठून आली आणि दोनदा सॉरी म्हणाली. पप्पा उभे राहिले. "नो प्रॉब्लेम, मॅडम. माय प्लेजर." ते खोटे बोलत नव्हते. मी त्यांना ओळखते. त्यांना खरोखर आनंद झाला होता.

ऑल्विन खिडकीबाहेर पाहत राहिला. बोलले मी.

"पप्पा, इथे तरी वेटर होऊ नका. आम्हाला लाज वाटते."

शब्द हेच होते. मी डेस्कवर काम करते, अवतरणे तपासते. यात एकही शब्द कमी-जास्त नाही. आईने माझ्याकडे पाहिले. खिडकीबाहेरून एक बेट गेले. त्यावर दीपगृह होते, पांढरे, लाल टोपीचे.

"बरं, बाय," पप्पा म्हणाले. मुलीला बाय म्हणायची आमच्या गावची रीत. मग त्यांनी नॅपकिनची घडी केली.

*

त्याच दुपारी, बहुतेक तीनच्या सुमारास, एक जण डेकवर पप्पांना शोधत आला. आमच्या टेबलाचा वेटर. पाच दिवस तो आमच्याशी इंग्रजीत बोलत होता. पन्नाशीचा, कानावरचे केस पांढरे. नाव रेमंड.

"अंकल, तुम्ही वसईचे ना?" तो मराठीत म्हणाला. "मी पण तिकडचाच, नायगावचा. काल तुमच्या मिसेस मसाल्याची पुडी काढून सामन माशावर टाकत होत्या. वासाने ओळखलं."

आई हसली. "टाकणार नाय तर काय? माशाला चव नाय, नुसता रंग."

रेमंड हसला नाही. तो इकडेतिकडे पाहून हळू बोलू लागला. हेडवेटरने त्याला बोलावून विचारले होते. तुझ्या टेबलांवरचा पाहुणा उठून कॉफी का वाढतो? प्लेटा स्वतः का गोळा करतो? तू कुठे असतोस? सहल संपताना पाहुणे अभिप्रायाची कार्डे भरतात, त्याचे कॉन्ट्रॅक्ट त्या कार्डांवर अवलंबून होते, आणि ते सप्टेंबरला संपत होते.

"तुम्ही आमच्याच लाइनमधले आहात, मला पहिल्याच दिवशी कळलं," तो म्हणाला. "नॅपकिन कोण अशी घडी करतं? पण अंकल, हात जोडतो. तुम्ही बसा. तुम्ही उठलात की माझी नोकरी हलते."

पप्पांचा चेहरा उतरला. माझ्या बोलण्याने सकाळी उतरला नव्हता, तेवढा उतरला.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "किती टेबलं आहेत तुझ्याकडे?"

"सहा."

"कव्हर?"

"चोवीस माणसं. कधी अठ्ठावीस."

"एकट्याकडे?"

"एक असिस्टंट आहे. नवीन आहे, फिलिपिनो. चांगला आहे."

मग दोघे पंधरा मिनिटे ट्रे, डिशवॉशर आणि पायांतल्या शिरांबद्दल बोलले. रेमंडने पॅंट वर करून मोजा दाखवला, घट्ट, गुडघ्यापर्यंतचा. पप्पांनी आपला दाखवला. उत्तरेच्या समुद्रावर, दोन्ही बाजूंना बर्फाचे डोंगर असताना, दोन माणसे वाकून एकमेकांचे मोजे पाहत होती.

*

त्या संध्याकाळी पप्पा बसले.

रेमंडने खुर्ची मागे ओढली. पप्पांनी त्याला ओढू दिली. पाठ टेकून, दोन्ही हात मांडीवर ठेवून ते बसले. पाणी आले तेव्हा ग्लास जवळ सरकवला नाही. सूप आले, संपले, वाडगा गेला. त्यांचा उजवा हात एकदा टेबलावर चढला आणि परत खाली गेला. मेनू वाचताना त्यांनी प्रश्न विचारले, पाहुणे विचारतात तसे. मासा कुठला? सोबत काय? रेमंडने उत्तरे दिली. दोघांनाही उत्तरे माहीत होती.

चार पदार्थांचे जेवण होते. पाऊण तास लागला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मी आयुष्यात पाहिलेले ते त्यांचे पाठ टेकून बसून केलेले पहिले जेवण, आणि मला स्पष्ट दिसत होते की ते ड्युटी करीत आहेत. बसण्याची ड्युटी. बिनचूक करीत होते. शेवटी उठताना त्यांनी नॅपकिनची घडी केली. लक्षात आले तसे रेमंडकडे पाहिले. रेमंडने मान हलवली, म्हणजे तेवढे चालेल.

पुढचे पाच दिवस असेच गेले. लोफोटेनच्या बेटांवर उतरलो तेव्हा किनाऱ्यावर लाकडी मांडवांवर मासे वाळत होते, डोके छाटलेले, जोडीजोडीने शेपटीला बांधलेले. आई थांबली. तिचे माहेर वसईच्या पाचूबंदर कोळीवाड्यातले. "हे तर आपले बोंबील," ती म्हणाली, "खाऊन-पिऊन मोठे झालेले." तिने खोल श्वास घेतला. दहा दिवसांत पहिल्यांदा हवेला वास होता. पप्पा मांडवाशेजारच्या लाकडी बाकावर बसले. कुणी वाढणारे नव्हते, तिथे त्यांना बसता आले. थंडी फार होती. त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला आणि कुणाचे तरी बाकूचे तिकीट काढून वाचले.

शेवटच्या दिवशी कार्ड भरले. पप्पांनी स्वतः, मोठ्या अक्षरात. सगळ्या रकान्यांत सर्वोत्तम. रेमंडचे पुढे काय झाले ते मला माहीत नाही. त्याने दिलेला नंबर सप्टेंबरनंतर लागला नाही.

मी ते लाज वाटण्याचे वाक्य मागे घेतले नाही. आधी वाटले, ते बसले आहेत, आता कशाला. नंतर वाटले, ते विसरले असतील. नंतर ते डिसेंबरात निवृत्त झाले, आणि निवृत्तीच्या गडबडीत अशी वाक्ये कोण काढतो. कोट परत गेला. पप्पांनी खिशात जहाजाच्या केबिनचे कार्ड ठेवले. वसईला ते सहा वर्षे होते. फोनवर मी विचारी, "जेवलात?" ते म्हणत, "झालंच माझं." बसून की उभ्याने, ते मी विचारले नाही. आईही सांगत नसे. मी वर्षातून दोनदा जाई आणि प्रत्येक वेळी ते मला वाढत.

*

बशीरभाईंनी खुर्ची पुसून दिली. पुसण्यासारखी ती नव्हती; त्यांना हात स्वस्थ ठेवता येत नव्हता.

"ये कुर्सी क्यूँ?" त्यांनी विचारले.

"पप्पा का टेबल था. आई को भेजनी है." मग मी म्हणाले, "बैठे तो कभी नहीं इसपे."

"बैठे थे," बशीरभाई म्हणाले.

मी त्यांना पुन्हा विचारले.

"एक बार. जाने के एक दिन पहले. व्हिसा कॅन्सल हो गया था, आयडी जमा कर दिया था. चार बजे आए, जब हॉल खाली रहता है. मैंने सोचा मिलने आए हैं. बोले, बशीर, आज मैं स्टाफ नहीं हूँ. बैठ सकता हूँ?"

"फिर?"

"फिर क्या. मैंने कुर्सी खींची."

मी वही काढली नव्हती, पण प्रश्न बातमी तपासताना विचारते त्याच क्रमाने विचारले. काय घातले होते? पांढरा शर्ट. काय मागवले? टोमॅटोचे सूप, टोस्ट, चहा. कुणी वाढले? बशीरभाईंनी. कुणी बरोबर होते? नाही. काही बोलले? सूप गरम है, म्हणाले. आणखी? बशीरभाईंनी आठवून पाहिले. "बोले, मेरी बेटी को बताना मत, हँसेगी."

बशीरभाई थांबले. "मैंने नहीं बताया. अब तो हॉटेल भी नहीं है."

त्या काळी हॉटेलच्या स्वयंपाकघरात लॉरेन्स होते, मंगळूरचे. ते आता इथेच बाहरीनमध्ये, मुहर्रकला मुलाकडे राहतात. हॉटेलबाहेर टॅक्सीची वाट पाहताना मी त्यांना फोन केला. बशीरभाईंनी काय सांगितले ते त्यांना सांगितले नाही. फक्त विचारले, पप्पा कधी हॉलमध्ये बसून जेवले होते का. ते म्हणाले, हो, एकदा, डिसेंबरात, दुपारी. सूप त्यांनीच केले होते. दरवाज्याच्या गोल काचेतून त्यांनी पाहिले. चौदा नंबर, खिडकीकडे तोंड. खिडकीतून पार्किंग आणि समोरच्या इमारतीचे एसी दिसतात, दुसरे काही नाही. पप्पा ते पाहत बसले होते. पाठ टेकलेली होती.

दोघांचे सांगणे जुळते. वेळेत दहा मिनिटांचा फरक आहे.

पप्पा पावणेपाचच्या सुमारास उठून गेले. सुपाचा वाडगा, प्लेट आणि कप टेबलावर होते. नॅपकिन खुर्चीवर होता, घडी न केलेला.